सिस्टरांची बोटं आणि माझं घड्याळ

आमच्या लातूरच्या घरमालकीणबाई माणसांची नावं लक्षात ठेवत नसत. त्या नाडीचे आकडे लक्षात ठेवत. दूध घालणारा त्यांच्या लेखी 'चौऱ्याऐंशी' होता, गॅसची टाकी आणणारा 'सत्तर' आणि समोरच्या घरातले निवृत्त तहसीलदार 'शंभरवाले'. मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, आडनाव यातलं काहीच विचारलं नाही. फाटकातच माझं मनगट धरलं, तीन बोटं टेकवली आणि स्वतःच्या डाव्या हातातल्या चावीच्या पुरुषी घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर नुसत्या मानेनं मला गप्प केलं. रस्त्यावरनं दोन ऑटो गेले, एक कुत्रं आमच्याकडं बघून पुढं गेलं. मिनिट संपल्यावर त्यांनी हात सोडला.

"ब्याण्णव. ऑटोनं आलीस, चालून न्हाई. बसून आलेल्या बाईची नाडी ब्याण्णव म्हंजे बरं न्हाई. खोली वर हाय, बघून घे."

सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी सिस्टर म्हणून केली होती. गल्लीतले लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणत. मूळच्या उदगीरकडच्या, त्यामुळं बोलता बोलता मधेच एखादं कानडी 'अव्वा' यायचं. लग्न केलेलं नव्हतं. खाली त्या एकट्या आणि वर आम्ही दोघी, मी आणि माझी मुलगी. माझे मिस्टर नायगावला शाळेवर मास्तर आहेत. मुलीला दहावीला चांगले मार्क पडले, तेव्हा सगळ्यांसारखंच आम्हीही ठरवलं की तिला डॉक्टर करायचं आणि त्यासाठी लातूरला क्लास लावायचा. आमच्या गल्लीत घराआड अशी एक आई होती, पोरीचा नाहीतर पोराचा डबा करायला गाव सोडून आलेली.

सिस्टरांचं मोजणं अर्धवट कधी नसायचं. पूर्ण साठ सेकंद. "पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं, हे आळशाचं काम. चुकणारी नाडी उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांतच चुकती," असं त्या म्हणत. मोजत असताना दूधवाला हातात माप धरून तसाच उभा राहायचा. लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याचा हात धरलेला मी पाहिला आहे. गल्लीत एका घरी म्हातारे सासरे वारले, तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि धाकटी सून कोपऱ्यात गप्प बसून होती. सिस्टर रडणाऱ्या बायकांना ओलांडून थेट तिच्याजवळ गेल्या, मनगट धरलं, मिनिटभर मोजलं आणि तिथूनच तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. लोक नावं ठेवायला लागले की मयताच्या घरात हे काय चाललंय. संध्याकाळी कळलं की त्या सुनेला आतल्या आत रक्तस्राव होत होता, वेळेवर नेलं म्हणून ती वाचली. तेव्हापासून गल्लीत कुणी सिस्टरांना हात द्यायला कुरकुर करत नसे.

पहाटे साडेपाचला त्या गच्चीवर जात. साडीचा पदर घट्ट खोचायचा, दोन हातांत दोन विटा घ्यायच्या आणि पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतर करायची, तीन मिनिटं. मग खाली बसून स्वतःची नाडी मोजायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा मोजायची. "वर किती गेली ते कुणीबी सांगंल. खाली किती लवकर आली ते सांग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सत्तरीला टेकलेल्या या बाईची नाडी मिनिटभरात तीसनं खाली यायची. माझी पंधरानं येत नव्हती. नांदेडच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलंच होतं की बीपी काठावर आहे, साखर काठावर आहे, रोज अर्धा तास घरातच काहीतरी व्यायाम करा.

मी करत नव्हते. माझी मुलगी मात्र करायला लागली, आणि माझ्यासोबत नाही, सिस्टरांसोबत.

हे कधी सुरू झालं ते मला कळलंच नाही. एक दिवस पहाटे उठले तर अंथरूण रिकामं, आणि डोक्यावर गच्चीत दोघींची पावलं एका तालात पडत होती. पुढं रोजच. मी खाली कणीक मळत ऐकत राहायची. मधेच वर हसणं व्हायचं. माझ्याशी बोलताना त्या पोरीच्या तोंडून 'हो', 'नाही', 'झालं' याच्यापलीकडं शब्द निघत नव्हता. सगळं घरदार नायगावला सोडून मी हिच्यासाठी इथं दहा बाय बाराच्या खोलीत राहते, आणि ही हसायला वर जाते. सिस्टर तिला 'अडुसष्ट' म्हणून हाक मारत आणि ती ओ देई. मी चांगलं पंचांग बघून ठेवलेलं नाव होतं तिचं.

मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मी म्हटलं असतं की मला पोरीच्या अभ्यासाची काळजी वाटते. पण खरं सांगायचं तर सिस्टर आजारी पडाव्यात, चार दिवस गच्चीवर जाऊ नयेत, असं मला एकदोनदा वाटून गेलं आहे.

तेव्हाच मी नाडी मोजणारं घड्याळ घ्यायचं ठरवलं. घरी व्यायाम सुरू करायचा, हातावर आकडा दिसला पाहिजे, आणि तो बघायला मुलगी माझ्याजवळ आली पाहिजे. पंधरा दिवस मी फोनवर तेच बघत होते. कुठलं झोप मोजतं, कुठलं ऑक्सिजन सांगतं, कुणाची बॅटरी आठ दिवस टिकते. माझा भाऊ नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहतो, त्याला यातलं कळतं. तो म्हणाला, "ताई, व्यायामासाठीच पाहिजे असेल तर छातीला बांधायचा पट्टा घे. मनगटावरचं घड्याळ हात हलला की गडबडतं." पण छातीचा पट्टा कुणाला दिसणार?

सिस्टरांना कुठूनसं कळलं. "मीबी येते," म्हणाल्या. नको कसं म्हणणार? गंजगोलाईच्या बाजारात आधी त्यांनी भाजी घेतली आणि पिशवीतून दुधी भोपळ्याचं टोक बाहेर डोकावत असतानाच आम्ही घड्याळाच्या दुकानात गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याच्या हाताची नाडी आधी झालीच. "एकोणऐंशी. गुटखा सोड," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, "तीन घड्याळं काढ. एक स्वस्तातलं, एक मधलं आणि एक तू तुझ्या बायकोला देशील ते."

तीन घड्याळं काचेवर आली. सिस्टरांनी पिशवीतला दुधी काढला आणि एकेक घड्याळ त्याला आवळून बांधलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकं गोळा झाली. स्वस्तातल्यानं थोडा वेळ विचार करून एक्याऐंशी दाखवले. मधल्यावर नुसत्या दोन रेघा येत राहिल्या. बायकोला द्यायच्या घड्याळानं चौऱ्याहत्तर दाखवले.

"दुधीची नाडी चौऱ्याहत्तर," सिस्टर दुकानदाराला म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बरी हाय."

"आजी, तसं नसतं ओ," तो हसून म्हणाला. "यात हिरवा उजेड असतो. तो कातडीवर पडून परत येतो, त्यावर मोजतं. भोपळ्याला बांधलं की फसतं ते."

"हाव. पण हे मधलं फसलं न्हाई. त्यानं माहीत न्हाई म्हणून सांगितलं."

मग माझी पाळी. दुकानात वरच्या माळ्यावर जायला लोखंडी जिना होता. प्रत्येक घड्याळ बांधून मला तो तीनदा चढायला-उतरायला लावला. मी धापा टाकत काचेला टेकून उभी, एका हातावर घड्याळ, दुसऱ्या हातावर सिस्टरांची बोटं. तिन्ही वेळा मधलं घड्याळ त्यांच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ आलं. दुकानदारानं छातीचा पट्टाही दाखवला. सिस्टरांनी तो उलटासुलटा करून बघितला. "घरच्या व्यायामाला हाच खरा. हलत न्हाई, फसत न्हाई. हे न्हाई जमलं तर मधलं घे."

मधलं घड्याळ करड्या रंगाचं होतं, शाळेतल्या पट्टीसारखं. तिसऱ्याची तबकडी मोठी, पट्टा गुलाबी. माझ्या मुलीच्या क्लासमधल्या एका पोरीकडं तसलंच होतं.

"मला हे आवडलं," मी गुलाबीवर बोट ठेवलं.

"त्यानं दुधीला जिवंत म्हटलं," सिस्टर म्हणाल्या.

"माझ्या हाताला शोभतं."

परत येताना त्या ऑटोत दुधी मांडीवर धरून बसल्या. त्यांचं ऐकलं नाही म्हणून मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले. मुलीसमोर एकदा काय तो निकाल लावायचा होता. मी जागच्या जागी पळायला लागले, चांगली जोरात, तीन मिनिटं. थांबले आणि हात पुढं केला. घड्याळावर एकशे चौसष्ट. सिस्टरांनी बोटं टेकवली. "एकशे सव्वीसच्या आसपास."

"तुमचं वय झालं सिस्टर," मी म्हणाले. "मोजणं चुकून राहिलं तुमचं."

मुलगी पुढं आली. तिनं माझ्या गळ्याला दोन बोटं लावली आणि स्वतःच्या फोनवर सेकंद बघत मोजायला लागली. पूर्ण मिनिट, सिस्टरांनी शिकवलं होतं तसं. किती दिवसांनी तिचा हात माझ्या अंगाला लागला होता. "एकशे अठरा, आणि उतरत चाललेत," ती म्हणाली. "आई, घड्याळानं तुझी पावलं मोजली. तू पळताना दर मिनिटाला तेवढी पावलं टाकत होतीस."

सिस्टरांनी माझा पट्टा सोडला, मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवला आणि घट्ट केला. "सैल बांधून हात हलवला की असंच होतं. घड्याळ वाईट न्हाई, तू त्याला नीट बांध," एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला हिणवलं असतं तर बरं झालं असतं. मला रागवायला जागा मिळाली असती.

आठ दिवसांनी मी ते घड्याळ मुलीच्या हातात बांधलं. वरून म्हणाले, "तुझी झोप नीट होते का ते कळेल." मनात वेगळंच होतं. घड्याळ माझ्या फोनला जोडलेलं. ती घरी आली की दिवसभराची नाडी माझ्या फोनवर उतरायची. सिस्टरांना तिची एका मिनिटाची नाडी कळत होती, मला आता पूर्ण दिवसाची कळणार होती.

आणि कळली. क्लासच्या चाचणीच्या दिवशी अकराच्या सुमाराला रेघ सरळ वर चढायची, एकशे चाळीसपर्यंत. बाकावर बसलेल्या पोरीची नाडी एवढी कशी? मी घड्याळाला दोष दिला. सैल बांधलं असेल, पेन चालवताना हात हलत असेल. तिला विचारलं तर म्हणाली, "असेल." पुन्हा विचारलं नाही. आकडा माझ्याकडं होता, तेवढ्यावर मी खूश होते.

एके दुपारी मी तूर निवडत बसले होते. क्लास सुटायला अजून दोन तास होते. फोन वाजला, बघते तर घड्याळ जोडलं गेल्याची खूण. घड्याळ जवळ आल्याशिवाय जोडलं जात नाही. म्हणजे मुलगी घरात होती, आणि वर आली नव्हती.

मी खाली गेले. सिस्टरांच्या पलंगावर ती भिंतीला टेकून बसली होती, पाय पोटाशी घेऊन. चेहरा पांढराफटक. तिचं मनगट सिस्टरांच्या हातात होतं. घड्याळ काढून उशीवर ठेवलेलं. सिस्टरांनी माझ्याकडं न बघता मानेनंच मला गप्प केलं, आणि मी त्या मिनिटभर दारात उभी राहिले. माझ्याच मुलीसाठी मला परक्या दारात थांबावं लागलं, हे मी अजून विसरलेले नाही.

"शहाण्णव. उतरली," सिस्टर म्हणाल्या. "पोरी, वर जाऊन पड जरा."

ती माझ्या बाजूनं निघून गेली. मग मी बोलले.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"दीड महिना झाला. चाचणी आली की छाती धडधडती, हात गार पडतात. एकदा पेपर सोडून पळून आली."

"माझ्या मुलीचं मला का सांगितलं नाही?"

"तिनं सांगायला पाहिजे. मी रोज तिला म्हणून राहिले की आईला सांग. या रविवारपर्यंत न्हाई सांगितलं तर मी सांगणार होते. तेवढं माझं चुकलं, मी लई थांबले."

चुकलं म्हणाल्या तरी माझं समाधान झालं नाही. मला त्यांना दुखवायचंच होतं.

"तुम्हाला स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं," मी म्हणाले.

सिस्टरांनी पलंगावरची चादर सारखी केली. "हाव," म्हणाल्या. "असतं तर कळलं असतं." मग उठल्या, कपाटातून एक शंभर पानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. "डॉक्टरला दाखव. त्यांना कामाला येईल."

मी वर येऊन जिन्यातच बसले आणि वही उघडली. दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी तक्ता लावतात तशा रेघा मारलेल्या होत्या. वार, वेळ, नाडी, आणि शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्द. 'हात गार.' 'जेवली नव्हती.' 'भौतिकशास्त्राचा पेपर.' 'रडली, मग झोपली.' आणि एका बुधवारपुढं लिहिलं होतं, 'आईला सांगत नाही. आईचं बीपी वाढंल म्हणते.' खाली पुन्हा, 'पोरगी आईसाठी पायरीचा व्यायाम शिकून घेते. आई माझं ऐकायची नाही, पोरीचं ऐकंल.'

कुणी म्हणेल, हे वाचून मला भरून आलं असेल. ते नंतर आलं. आधी मला त्या अक्षराचाच राग आला. माझ्या मुलीनं माझ्याबद्दल काढलेला शब्दन् शब्द दुसऱ्या बाईच्या अक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला डॉक्टरांकडं नेलं. ईसीजी काढला, थायरॉइड तपासलं, सगळं नीट निघालं. डॉक्टरांनी ती वही शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" घरमालकीणबाईंनी, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "हृदय चांगलं आहे. भीतीचा झटका येतो, त्याला उपाय आहे." त्यांनी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं. तिथं पहिल्या दिवशी मुलगी माझ्यासमोर तासभर बोलली. ती वर्षभरापासून झोपत नव्हती. डॉक्टर व्हायचं तिला कधीच नव्हतं, पण मी नायगाव सोडून आले म्हणून ती सांगू शकत नव्हती. ते घड्याळ तिनं तिथंच काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. "आई, तू मला विचार. फोनवर नको बघू."

सिस्टरांची मी माफी मागितली नाही. तीन दिवस खाली उतरायचं झालं तर त्या बाजारात गेल्याचं बघून उतरायची. चौथ्या दिवशी पहाटे मुलगी गच्चीवर गेली आणि लगेच परत आली. "सिस्टरआजी म्हणतात, आईला घेऊन ये, न्हाईतर तूबी येऊ नको."

मी गेले. सिस्टरांनी माझ्या हातात विटा दिल्या. "खालच्या पायरीवर उभी राहा. आधी डावा पाय."

क्लास संपेपर्यंत आम्ही तिघी गच्चीवर जात राहिलो. माझी नाडी मिनिटभरात बावीसनं खाली यायला लागली. पण त्या दोघी हसल्या की मी अजूनही वळून बघायची, कशावर हसल्या ते. परीक्षा झाली. मार्क डॉक्टरकीला पुरण्यासारखे नव्हतेच. मुलीनं स्वतः फॉर्म भरला तो फिजिओथेरपीचा. खोली सोडताना सिस्टरांनी तिला जवळ घेतलं, मला सामान नीट बांध म्हणाल्या.

प्रवेशाची यादी लागली तेव्हा मुलगी कागदपत्रांच्या कामासाठी नांदेडला मामाकडं होती आणि मी नायगावला. मिस्टरांनी फोनवर यादी बघितली, तिचं नाव होतं. मी लगेच तिला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. दहा मिनिटांनी तिचाच आला.

"आई, लागलं नाव."

"कळलं ना. कुणाशी बोलत होतीस एवढं?"

"सिस्टरआजीशी."

"बरं केलंस," मी म्हणाले, आणि फोन ठेवून दुपारभर कुणाशी धड बोलले नाही.

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत. पोरीचं अभिनंदन झालं, नायगावला पाऊसपाणी कसं ते झालं, मिस्टरांची तब्येत झाली. तरी फोन ठेवेनात. मग म्हणाल्या, "तुला तिनं पहिल्यांदा सांगितलं असंल न्हाई? मला दुपारी केला होता. तुझ्या मागनंच असंल."

आवाज साधाच होता. पण तो सूर मी ओळखला. दोन वर्षं कणीक मळताना मी स्वतःशी त्याच सुरात बोलत आले होते. ही एकटी म्हातारी बाई दुपारपासून तेवढं एकच विचारायला थांबलेली होती. 'हो, मलाच आधी' एवढं म्हणायचं, की झालं असतं. ते शब्द माझ्या तोंडाशी आलेही होते.

"नाही सिस्टर," मी म्हणाले. "मला नंतर सांगितलं. पहिला फोन तुम्हालाच केला तिनं."

 

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "दूध तापायला ठेवलंय, ठेवते मी."